गळ्यातला पट्टा आणि बांधणाऱ्याचा धर्म

दुसऱ्या जीवाच्या गळ्यात दोरी अडकविण्याचा अधिकार मनुष्याला कोणी दिला, आणि तो त्याच्याकडे आहे असे क्षणभर गृहीत धरले तरी त्याचा अंमल कोणत्या मर्यादेपर्यंत धर्म्य आणि कोठून पुढे अधर्म्य, हा प्रश्न आपल्याकडे गाईबैलांच्या संदर्भात पुष्कळ चर्चिला गेला; कुत्र्याच्या संदर्भात तो सहसा कोणी विचारीत नाही. तथापि भाईंदर पूर्वेला नवघर रस्त्यावर, गोडदेवच्या आणि खारीगावच्या गल्ल्यांत, इंद्रलोकच्या उंच इमारतींच्या फाटकांशी किंवा जेसल पार्कच्या खाडीकाठी सकाळसंध्याकाळ उभे राहावे, तर हाच प्रश्न पट्ट्याच्या आणि साखळीच्या रूपाने पावलोपावली समोरून चालत येतो. एका टोकाला हात, दुसऱ्या टोकाला गळा, आणि मधल्या चारपाच फुटांत दोन जीवांचा सगळा व्यवहार. दुकानात पट्टा घेताना आपण रंग पाहतो, किंमत पाहतो, फार तर मजबुती पाहतो. माझे म्हणणे असे, की ही निवड मुळात नीतिशास्त्रातली निवड आहे, आणि तिच्यासाठी लागणारा विवेक आपल्या परंपरेने फार पूर्वी घडवून ठेवला आहे.

भाईंदरात जैन समाजाची वस्ती मोठी आहे, म्हणून आरंभ तेथूनच करणे उचित. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात, सातव्या अध्यायात, गृहस्थाच्या अहिंसाव्रताला लागणारे पाच दोष, म्हणजे अतिचार, सांगितले आहेत: प्राण्याला बांधणे, मारणे, त्याचे अवयव छेदणे, त्याच्यावर शक्तीबाहेर भार लादणे आणि त्याचे अन्नपाणी अडविणे. या यादीत बांधण्याचा उल्लेख पहिला आहे, मारण्याच्याही आधी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. श्वेतांबर श्रावक प्रतिक्रमणाच्या वेळी जे वंदित्तु सूत्र म्हणतात, त्यातही याच पाच अतिचारांची आलोचना येते. म्हणजे येथल्या उपाश्रयांतून आजही माणसे एकत्र बसून, आपल्या हातून कोणी जीव बांधला गेला असल्यास त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त करतात. ज्या वस्तीत हे नित्य घडते तेथे कुत्र्याच्या पट्ट्याचा विचार क्षुल्लक मानण्याचे कारण नाही.

परंतु शास्त्रकारांनी बंधनाचा सरसकट निषेध करून विषय संपविला नाही, आणि त्यांच्या विचाराची थोरवी मला येथेच दिसते. श्रावकाचाराच्या ग्रंथांत या अतिचाराचे विवरण करताना त्यांनी बंधनाचे दोन प्रकार केले, सकारण आणि निष्कारण. निष्कारण बंधन त्याज्यच ठरले. सकारण बंधनाचे पुन्हा दोन प्रकार केले: सापेक्ष, म्हणजे बांधलेल्या जीवाच्या सुखदुःखाची अपेक्षा ठेवून घातलेले, आणि निरपेक्ष, म्हणजे त्याची पर्वा न करता घट्ट आवळलेले. सापेक्ष बंधन कसे असावे, तर गाठ सैल असावी, आग लागली असता ती झटकन सोडता किंवा तोडता यावी. आणि शक्य तोवर गृहस्थाने असेच प्राणी बाळगावेत, जे न बांधताही राहतील, असेही त्यांनी सुचविले. शेकडो वर्षांपूर्वी गोठ्यातल्या दाव्याविषयी केलेला हा विचार आजच्या पट्ट्याला जसाच्या तसा लागू पडतो, कारण त्यात दोरीच्या जातीची चर्चा नसून संकटकाळी त्या दोरीचे काय होईल याची चर्चा आहे.

मग बांधूच नये, हा पक्ष अधिक शुद्ध नव्हे काय? महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिराच्या मागून हिमालयापर्यंत जो श्वान गेला, त्याच्या गळ्यात काहीही नव्हते. आणि इंद्राने रथ पुढे केला असता, या अनुगामी जीवाला टाकून मी स्वर्गही स्वीकारणार नाही, असे त्या राजाने निक्षून सांगितले. तो श्वान म्हणजे साक्षात धर्म होता, हे मागाहून कळले. निर्णय घेताना युधिष्ठिरापुढे एक कुत्राच होता. त्याच ग्रंथाच्या आरंभाशी, आदिपर्वात, जनमेजयाच्या यज्ञभूमीवर आलेल्या सरमेच्या पिलाला काही अपराध नसताना राजाच्या भावांनी मारले, आणि त्या शुनीने यज्ञस्थानी येऊन जाब विचारला, ही कथा आहे. भारतीय युद्धाची एवढी प्रचंड कथा सांगणाऱ्या ग्रंथाने आरंभाशी आणि अंताजवळ कुत्र्याशी केलेल्या वर्तनाचा न्याय मांडावा, याला मी योगायोग मानीत नाही.

तरीसुद्धा न बांधण्याचा पक्ष आपल्या शहरात टिकत नाही. युधिष्ठिराच्या वाटेवर पश्चिम रेल्वेचे रूळ नव्हते. गणपतीविसर्जनाच्या रात्री जेसल पार्ककडे जाणारा रस्ता ढोलताशांनी भरून वाहत असतो, दिवाळीत फटाक्यांच्या माळा जिन्याखाली लागतात, आणि अशा वेळी बिथरलेला मोकळा कुत्रा चाकाखाली जाण्यास काही पळे पुरतात. म्हणून बंधन पत्करावे लागते, आणि ते सकारण आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की ते सापेक्ष आहे की निरपेक्ष. आणि याचा निकाल मालकाच्या हेतूवरून लागत नाही, तो गळ्यातल्या वस्तूवरून लागतो.

कुत्र्याचा गळा म्हणजे केवळ कातडे आणि केस नव्हेत. तेथे श्वासनलिका आहे, कंठग्रंथी आहे, मस्तकाकडे जाणाऱ्या आणि तेथून परतणाऱ्या रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतू आहेत. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका पशुवैद्यकीय अभ्यासात असे दिसले, की कुत्रा पट्ट्याला ओढ देतो तेव्हा त्याच्या डोळ्यातला दाब वाढतो, आणि तीच ओढ छातीच्या हार्नेसला दिली असता तसे होत नाही. 2020 साली इंग्लंडमधील संशोधकांनी कुत्र्याच्या मानेची प्रतिकृती करून तिच्यावर निरनिराळे पट्टे ताणून पाहिले. रुंद, मऊ, अस्तर लावलेले असे सर्व प्रकार त्यांत होते. ओढ लागली असता इजेचा संभव टळेल इतका कमी दाब त्यांपैकी एकाही पट्ट्याने दिला नाही. पॉमेरेनियनसारख्या लहान कुत्र्यांची श्वासनलिका पुष्कळदा मुळातच दुबळी असते, आणि पग किंवा शिह त्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासच कष्टाने मिळतो. या जातींच्या गळ्याला दोरी जोडून फिरविणे, मग पट्टा कितीही नक्षीदार असो, मला समर्थनीय वाटत नाही.

चोक चेनविषयी तर याहून स्पष्ट बोलले पाहिजे. ओढली की आवळते अशी ही साखळी शिस्तीच्या नावाखाली विकली जाते, आणि भल्या घरची, देवधर्म करणारी माणसेही ती विश्वासाने विकत घेतात. तिचा युक्तिवाद असा, की वेदना झाली म्हणजे कुत्रा ओढणे थांबवील. परंतु ज्या साधनाचे कार्यच दुसऱ्याच्या दुःखावर चालते, ज्यातून दुःख वजा केले तर काहीच शिल्लक राहत नाही, त्या साधनाला सापेक्ष बंधन कसे म्हणावे? हिमालयातले गद्दी आणि भोटिया पशुपाल आपल्या राखणीच्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात. बिबळ्या प्रथम गळा धरतो म्हणून ते काटे बाहेरच्या बाजूला असतात. शहरातल्या दुकानांत मिळणाऱ्या काटेरी पट्ट्याचे काटे आतल्या बाजूला असतात. दोन्हीकडे लोखंड तेच आणि गळाही कुत्र्याचाच. पहिला पट्टा त्या गळ्याचा बचाव करण्यासाठी घडविलेला आहे, दुसरा त्याच्यावर हुकूम चालविण्यासाठी. विजेचा झटका देणारे पट्टे वेल्समध्ये 2010 सालापासून कायद्याने बंद आहेत. ते आपल्याकडेही जितक्या लवकर बंद होतील तितके बरे.

मग योग्य काय? बहुतेक कुत्र्यांना छातीवरून जाणारा हार्नेस, ज्याचे पट्टे पुढून पाहिले असता इंग्रजी वाय अक्षरासारखे दिसतात, जे खांद्यांना मोकळे सोडतात आणि ज्यांचा भार छातीच्या हाडावर येतो. खांद्यांवरून आडवी पट्टी जाणारा प्रकार पुढच्या पायांची फेक अडवितो, तो टाळावा. पट्टी आणि अंग यांच्या मध्ये दोन बोटे सपाट सरकली पाहिजेत; त्याहून घट्ट असेल तर काचते, फार सैल असेल तर कुत्रा मागे सरून निसटतो. कारवान आणि पश्मी ही आपल्या दक्षिण महाराष्ट्राची व मुधोळ भागाची शिकारी कुत्री या बाबतीत वेगळी. त्यांचे डोके मानेपेक्षा अरुंद, त्यामुळे साधा पट्टा त्यांच्या कानांवरून सहज निघून येतो. त्यांच्यासाठी मार्टिंगेल म्हणतात तो पट्टा असतो, जो ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळतो आणि पुढे थांबतो. गळ्यातला साधा पट्टा टाकून द्यावा असेही नव्हे; नाव आणि दूरध्वनी क्रमांक कोरलेला बिल्ला अडकविण्यासाठी तो असावा, दोरी मात्र हार्नेसला लावावी.

एका बारीक वस्तूकडे मी आवर्जून लक्ष वेधतो, ती म्हणजे दोरी जेथे अडकते ती कडी. स्वस्त पट्ट्यांत ही कडी तार वाकवून केलेली असते आणि तिची दोन टोके नुसती एकमेकांना टेकलेली असतात. कुत्र्याने एकदा जोराने हिसका दिला, की ती फट उघडते, आणि मालकाच्या हातात दोरी शिल्लक राहते. कडीचा सांधा वितळवून जोडलेला आहे की नाही, हे नख फिरवून कळते. आणि पोलादी भांड्यांच्या गाळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भाईंदरात असा सांधा ओळखणारा कारागीर मिळणे कठीण नाही. चकतीतून सुटत जाणारी लांब दोरी रहदारीच्या रस्त्यावर घातक आहे. ती अंगठा दाबूनही वेळेवर थांबत नाही, आणि तिची बारीक तार पायाला घासली तर कातडे सोलते. उंच इमारतींत लिफ्टचा धोका निराळाच: कुत्रा आत, मालक बाहेर, दोरी दारात, आणि लिफ्ट सुरू. जैन आचार्यांनी आगीच्या प्रसंगाची जी कल्पना केली होती, तिचे आजचे रूप हेच. कुत्र्याला अगदी जवळ घेऊन त्याच्याबरोबरच आत शिरावे, आणि हार्नेसचा आकडा एका हाताने सुटतो की नाही हे घरीच पाहून ठेवावे.

पावसाळ्यात ओला पट्टा दिवसभर अंगावर राहिला, की त्याखाली कातडे लाल होते, केस गळतात, गोचिड्या दडून बसतात. बैलपोळ्याला शेतकरी बैलाच्या खांद्यावर जू ठेवीत नाही, त्याला न्हाऊ घालतो, आणि नवी वेसण, नवी म्होरकी, नवा कासरा चढवितो. जुन्या दोरीने वर्षभरात काय केले, हे पाहण्याचा दिवस धर्मानेच नेमून दिला आहे. कुत्र्याच्या वाट्याला असा सण आलेला नाही. म्हणून त्याचा पट्टा रोज रात्री काढावा, मान आणि बगला बोटांनी चाचपाव्यात, शिवण पाहावी. याला मी पोळ्याइतकेच पवित्र कर्म समजतो.

ही दृष्टी एकाच धर्माची मिरास नाही. मीरा-भाईंदर परिसरात मुसलमान समाजही मोठा आहे, आणि हदीसच्या संग्रहांत दोन कथा आहेत, ज्या एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्यात. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले, त्याला खाऊ घातले नाही आणि स्वतः शोधून खाण्यासाठी सोडलेही नाही. त्या पापापायी ती नरकात गेली. दुसरी स्त्री लोकदृष्टीने पतित. तिने विहिरीकाठी तहानेने व्याकूळ झालेला कुत्रा पाहिला, पायातला जोडा काढून आपल्या ओढणीला बांधला, त्याने पाणी शेंदून त्याला पाजले, आणि तिचे सर्व अपराध क्षमा झाले. उमास्वातींचे पहिला आणि पाचवा अतिचार पहिल्या कथेत एकत्र आलेले आहेत.

आधुनिक राज्यसंस्थेनेही हेच तत्त्व आपल्या दस्तऐवजात नोंदविले. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत ज्याचा पाठपुरावा केला, तो प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 साली झाला. त्याच्या अकराव्या कलमात अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने प्राण्याला अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. आणि जो कुत्रा नेहमी बांधलेला किंवा कोंडलेला असतो त्याला मालकाने पुरेसे न फिरविणे, हाही स्वतंत्र गुन्हा आहे. पहिल्यांदा केलेल्या अपराधाला त्या कायद्याने ठेवलेला दंड दहा ते पन्नास रुपये. रक्कम लाजिरवाणी आहे आणि ती वाढलीच पाहिजे. परंतु न फिरविण्याला गुन्हा म्हणणारी तरतूद मला मोलाची वाटते, कारण बांधणाऱ्याच्या पदरी तिने कर्तव्य घातले.

आणि हे कर्तव्य केवळ पाळीव कुत्र्यापुरते नाही. कालभैरवाचे वाहन म्हणून, दत्तात्रेयांच्या पायाशी बसणारा म्हणून, खंडोबाचा सोबती म्हणून आपण रस्त्यावरच्या कुत्र्याला भाकरी घालतो, हे चांगलेच आहे. पण त्याच भक्तीच्या भरात कोणी गल्लीतल्या दोन महिन्यांच्या पिलाच्या गळ्यात लाल किंवा काळा धागा बांधतो, दृष्ट लागू नये म्हणून, आणि निघून जातो. पिलू वाढते, धागा वाढत नाही. तो प्रथम केसांत दिसेनासा होतो, मग कातड्यात रुततो, मग मांसात. आणि दुर्गंधी सुटून माश्या घोंगावू लागेपर्यंत कोणाच्या ध्यानी येत नाही. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, तिचे मूळ म्हटले आहे. द्वेषाचा लवलेश नसताना हिंसा कशी घडते, हे या धाग्याइतके स्पष्ट दुसरे काही दाखवीत नाही. रात्री वाहनचालकांना दिसावेत म्हणून कुत्र्यांना चमकते पट्टे घालणारे तरुण हे फार मोलाचे काम करतात. त्यांनी पट्टा लवचीक किंवा ओढ लागताच आपोआप सुटणारा घ्यावा, पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्यालाच घालावा, आणि तो पाहायला अधूनमधून परत यावे. ज्यांना परत येणे जमणार नाही, त्यांनी पिलाला भाकरी द्यावी, वाटीत पाणी ठेवावे, आणि त्याच्या गळ्याला काहीही बांधू नये.