आप्त कोण?

खेळाडू घडविणाऱ्या माणसाजवळ जे असते त्याला ज्ञान म्हणावे की केवळ कसब, आणि ज्ञान म्हणावयाचे झाल्यास त्याला प्रमाण कोणते, हा प्रश्न वरकरणी मैदानावरचा दिसला तरी मूळचा दर्शनशास्त्राचा आहे. जबलपूरच्या सदरमध्ये, म्हणजे छावणीच्या आश्रयाने वाढलेल्या या वस्तीत, तो पोथीपुरता राहत नाही. कारण येथे पलटणीतून निवृत्त झालेला एखादा सुभेदार पहाटे मुलांना हॉकी शिकवितो, आणि त्याच मुलांची उंची, वजन, नाडी व धावण्याचा वेळ टिपून घेण्यासाठी शारीरिक शिक्षणाचा एखादा संशोधक तक्ते घेऊन हजर होतो. दोघेही एकाच विषयाचे जाणकार. परंतु एकाचे जाणणे त्याच्याबरोबर चितेवर जाते आणि दुसऱ्याचे नियतकालिकात छापून येते. छापले गेले तेवढेच प्रमाण, असा सांप्रतचा शिरस्ता आहे. तो मला मान्य नाही. आणि वस्तादाचा शब्द तोच वेद, हा त्याच्या उलट टोकाचा पक्षही मान्य नाही.

ज्या रूपसिंगाने 1932 साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिक हॉकीत अमेरिकेविरुद्धच्या 24–1 अशा सामन्यात एकट्याने दहा गोल केले, त्याचा जन्म 1908 चा आणि जबलपूरचा. त्याचा वडील बंधू ध्यानचंद 1922 साली पलटणीत भरती झाला तेव्हा त्याला या खेळाची दीक्षा दिली ती बाले तिवारी नावाच्या लष्करी अंमलदाराने. तिवारींचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे ते शिष्याने पुढे 1952 साली आत्मचरित्र लिहिले म्हणून. त्यांनी नेमके काय शिकविले, कोणत्या चुकीवर कोणता उपाय केला, नवख्या शिपायाचा चेंडू काठीपासून सुटू नये म्हणून त्याच्याकडून काय करवून घेतले, याचा एकही दस्तऐवज माझ्या माहितीत नाही. जगातल्या सर्वश्रेष्ठ हॉकीपटूच्या गुरूची विद्या शिष्याच्या मनगटात उतरली आणि तेथेच संपली. हा अपवाद नव्हे, हाच आपल्याकडील नियम होय.

शब्द प्रमाण केव्हा ठरतो याचा विचार करताना न्यायसूत्रांच्या भाष्यात वात्स्यायनाने आप्ताच्या, म्हणजे विश्वसनीय वक्त्याच्या, ठायी दोन गोष्टी मागितल्या आहेत. त्याने वस्तू स्वतः साक्षात् जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशी ती दुसऱ्याला सांगण्याच्या इच्छेनेच तो बोलत असावा. त्यापुढे भाष्यकार जे म्हणतो ते आमच्या वर्णाभिमानी परंपरेत सहसा मोठ्याने वाचले जात नाही: हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे. म्हणजे आप्तत्व कुळावर नाही, पदवीवर नाही, अक्षरओळखीवरही नाही. ज्याने पाहिले आणि जो पाहिले तसे सांगू इच्छितो, तो आप्त. या कसोटीला लावून पाहिले म्हणजे आपल्या सुभेदाराचे आणि आपल्या संशोधकाचे, दोघांचेही उणे ताबडतोब दिसू लागते.

तालमीतील वस्तादाने पाहिलेले असते, यात शंका नाही. उणीव असते ती सांगण्याच्या इच्छेची. हातचे राखून शिकविणे हा आमच्या आखाड्यांचा जुना रोग. वाघाला सगळे शिकवून झाडावर चढणे तेवढे न शिकविणाऱ्या मावशीची गोष्ट आम्ही मुलांना कौतुकाने सांगतो, आणि त्या गोष्टीने किती डाव, किती पेच, किती औषधी नुसखे स्मशानात पोचविले याचा हिशेब मांडीत नाही. दैवी उगमाची कथाही पुष्कळदा याच गुप्ततेची पाठराखण करते. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांना मल्लखांबाची विद्या वणीच्या सप्तशृंगीच्या कृपेने लाभली, ही आख्यायिका श्रद्धेने ऐकावी अशीच आहे. परंतु जी विद्या देवीने दिली ती पडताळून पाहण्याचा अधिकार मग मनुष्याला उरत नाही, आणि ज्याला ती दिली गेली नाही त्याने मागण्याचाही उरत नाही.

संशोधकाची अवस्था नेमकी उलट. सांगण्याची इच्छा त्याला आहे, किंबहुना सक्तीच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या नियमावलीने प्रबंध सादर करण्यापूर्वी निदान एक निबंध परीक्षित नियतकालिकात छापून आणण्याची अट घातली होती. 2022 च्या नियमावलीने ती अट काढली, तरी नेमणूक आणि बढती यांच्या दप्तरात छापील निबंधांची मोजदाद चालूच राहिली. सक्तीने उत्पन्न झालेली इच्छा ही वात्स्यायनाला अभिप्रेत इच्छा नव्हे. पैसे मोजले की पंधरवड्यात निबंध छापून देणारी नियतकालिके तिच्याच पोटी जन्मली, आणि काही आठवडे धावविलेल्या मूठभर मुलांच्या नाडीवरून साऱ्या राष्ट्राच्या खेळाडूंसाठी निष्कर्ष काढण्याची सवयही तिनेच लावली. सांगण्याची घाई एवढी की पाहावयास सवड नाही.

दोन्ही लक्षणे एका ठिकाणी आली आहेत असे दाखले आपल्याकडे नाहीत असे मात्र नाही. बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत संपादिले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम यांची तपशीलवार नोंद त्यांत आहे, आणि त्यातला सारांश 1950 साली इंग्रजीतही आला. वस्तादांच्या मुखातून विद्या काढून ती वस्तादांच्याच भाषेत परत ठेवणे, हे त्या कामाचे मोठेपण मला अधिक वाटते. इंग्रजी ग्रंथ त्यानंतरचा.

दुसरा दाखला स्वामी कुवलयानंदांचा. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली त्यांनी अंग कमावले आणि मालसरच्या परमहंस माधवदासजींजवळ योगाभ्यास केला. (मालसर नर्मदेच्या काठी आहे, जबलपूरच्या आमच्या ग्वारीघाटावरून गेलेले पाणी पुढे तेथूनच जाते.) 1924 साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. नौली करताना साधकाच्या आतड्यात पाणी वर कसे ओढले जाते, हा गुरुमुखातून आलेला अनुभव होता. त्याचे कारण यंत्राने मोजून पाहता आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून खाली जातो असे आढळले, आणि त्या अंशतः निर्वाताला कुवलयानंदांनी आपले नाव न देता माधवदासांचे दिले. मोजले शिष्याने, पण ज्याने ते आधी देहात जाणले होते त्याला आप्त म्हणून नोंदविले. ऋषिऋण अध्ययनाने फेडावयाचे असते असे शास्त्र सांगते. छापखान्याच्या युगात ते कसे फेडावे याचा याहून स्वच्छ नमुना मला ठाऊक नाही.

आप्तत्वाचा निकाल लागला तरी अडचण संपत नाही, कारण आप्ताने सांगितलेला नियम कोठपर्यंत खरा हा प्रश्न राहतोच. नैयायिक सांगतात की जेथे धूर तेथे अग्नी ही व्याप्ती निरपवाद आहे, परंतु जेथे अग्नी तेथे धूर असे म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. अग्नीला धूर येतो तो ओल्या इंधनाच्या संगतीने, आणि त्या ओल्या इंधनाला ते ‘उपाधी’ म्हणतात. क्रीडाशिक्षणातील बहुतेक सिद्धांत हे असे सोपाधिक असतात, आणि उपाधी कोणती हे पुष्कळदा ती नाहीशी झाल्यावरच कळते. चेंडू काठीला चिकटवून चार जणांना चकविणारी आमची हॉकी ही हॉकीची शाश्वत रीत आहे, असे आम्ही 1964 च्या सातव्या सुवर्णपदकापर्यंत मानून चाललो. 1976 साली माँट्रियलला ऑलिंपिकची हॉकी प्रथमच कृत्रिम तृणपटावर खेळली गेली आणि भारत सातव्या स्थानी फेकला गेला. पराभवाची इतरही कारणे होती. तथापि आमच्या साऱ्या विद्येचे ओले इंधन म्हणजे ऊबडखाबड मैदानावरचे खरे गवत होते, ही गोष्ट ते गवत गेले तेव्हा समजली. बाले तिवारींनी लिहून ठेवले असते तरी ‘गवतावर’ हा शब्द त्यांनी लिहिला असता असे वाटत नाही, कारण दुसरे काही त्यांनी पाहिलेच नव्हते.

आमचे प्राचीन वैद्य याबाबतीत अधिक सावध होते. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, असे सांगताना वाग्भट लगेच मर्यादा घालतो: बलवानाने, स्निग्ध आहार घेणाऱ्याने, थंडीत आणि वसंतात, एरवी त्याहून सौम्य. नियम आणि उपाधी एकाच दमात. आणि अर्धी शक्ती झाली हे ओळखावे कसे, याच्या खुणाही जुन्या वैद्यकग्रंथांत आहेत: हृदयातला वायू तोंडावाटे येऊ लागतो, कपाळाला व काखेला घाम फुटतो, तोंडाला कोरड पडते. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी विसाव्या शतकात खेळाडूलाच विचारून श्रमाचा आकडा सहापासून विसापर्यंत मांडण्याची जी पट्टी तयार केली आणि जी आज जगभरच्या निबंधांत वापरली जाते, तिचा विचार या वाटेने जाणारा आहे: देहाचा साक्षी देहधारीच. सारे शोध आमच्याच पूर्वजांनी लावले असे म्हणण्याचा मोह येथे होतो; तो टाळलेला बरा, कारण बोर्ग यांनी आपली पट्टी नाडीशी ताडून पाहिली आणि वाग्भटानंतर आम्ही क्वचितच काही ताडून पाहिले.

हिवाळ्यातल्या एका सकाळी मैदानाच्या कडेला उभा असताना पाहिलेली एक गोष्ट येथे नमूद करतो. एका संशोधक विद्यार्थ्याने प्लास्टिकचे शंकू मांडले होते आणि मुलींचे फटके लक्ष्याच्या किती बाहेर जातात हे तो रकान्यांत भरीत होता. तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलीचे फटके सारखे उजवीकडे जात होते. त्यांचे म्हातारे प्रशिक्षक, एक निवृत्त सुभेदार, चेंडूकडे पाहतच नव्हते. ते तिच्या डाव्या टाचेकडे पाहत होते. थोड्या वेळाने त्यांनी तिला बोलावून विचारले, “बेटा, जूता किसका है?” बूट थोरल्या बहिणीचा होता, एका नंबराने मोठा, पुढे वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला. फटका मारताना पाय आत सरकत होता. त्यांनी दुसरा बूट मागवून दिला आणि पुढच्याच फटक्याला चेंडू सरळ गेला. विद्यार्थी भला होता, त्याने वही पुढे करून विचारले, “साहब, ये किस कॉलम में लिखूँ?” सुभेदार हसले, आणि नवीन कॉलम बना लो, असे म्हणाले.

त्याने तो रकाना पाडला की नाही हे मला ठाऊक नाही. पाडला असल्यास त्या प्रबंधातील तेवढे पान आप्तवाक्य होय, असे मी समजेन: पाहणारा एक, सांगू इच्छिणारा दुसरा, आणि दोघांनी मिळून एका आप्ताचे काम केलेले. परंतु अशा पानावर नाव कोणाचे पडावे? सुभेदाराचे नाव फार तर ऋणनिर्देशात, मार्गदर्शक, ग्रंथपाल आणि टंकलेखक यांच्यानंतर येते. मुलीचे तर येतच नाही. तिचा क्रमांक येतो. निबंध इंग्रजीत छापला जातो, तो वाचावयास पुष्कळदा दाम मोजावे लागतात, आणि ज्या मैदानावर त्याची सामग्री गोळा झाली तेथे त्याची नक्कल पोचविण्याचा रिवाज नाही.

पीएच.डी.च्या 2016 च्या नियमावलीत मौखिक परीक्षा खुली ठेवावी, तिला विभागातील अध्यापक, इतर संशोधक आणि विषयात रस असलेले जाणकार यांनी उपस्थित राहावे, असे कलम होते. त्या शेवटच्या शब्दांत सुभेदाराला बसविण्यास कायद्याची कोणतीही हरकत निघत नव्हती. विभागप्रमुखाने एक पत्र सदरच्या पत्त्यावर धाडले असते, मेजापाशी एक खुर्ची अधिक मांडली असती आणि प्रश्न हिंदीत विचारण्याची मुभा दिली असती, म्हणजे झाले असते.