चुकीच्या भावाने आलेला पैसा

समजा, सौंसरच्या बाजारात आपण संत्री विकली. अडत्याच्या मुनिमाने भाव लिहिताना एक शून्य जास्त लिहिले आणि तेवढे पैसे फोनवरून आपल्या खात्यात जमा झाले. पांढुर्ण्याला घरी आल्यावर चूक ध्यानात आली. आता काय करावे? "चूक त्याची, नफा आपला," असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. आपल्या मनातही एक बसलेला असतो.

असाच प्रश्न सिंगापूरच्या न्यायालयापुढे आला होता. एप्रिल २०१७ मध्ये क्वॉइन कंपनीच्या डिजिटल चलनाच्या बाजारात यंत्रणा बिघडली. तेथे सौदे संगणकच करीत. बीटूसीटू या व्यापारी कंपनीचे सुमारे ३०९ ईथर, एका ईथरला सुमारे १० बिटकॉइन या भावाने विकले गेले. हा चालू भावाच्या सुमारे अडीचशे पट होता. दुसऱ्या दिवशी क्वॉइनने स्वतःच्या अधिकारात ते सौदे उलटविले. पुरा झालेला सौदा फिरविता येणार नाही, असा तिचाच नियम होता. म्हणून २०१९ मध्ये तिने करार मोडल्याचा निकाल झाला व २०२० मध्ये अपिलातही तो बहुमताने कायम राहिला. समोरच्याला चूक ठाऊक असती तर गोष्ट वेगळी होती. परंतु यंत्राला काय ठाऊक असणार? ते चालविण्याच्या सूचना लिहिणाऱ्याच्या मनात लबाडी आढळली नाही.

कायदा विचारतो, "सौदा झाला तेव्हा तुला ठाऊक होते काय?" विवेक पुढे विचारतो, "आता ठाऊक झाले ना?" उत्पत्तीच्या ४३ व्या अध्यायातील याकोब आठवा. मुलांच्या गोणीत पैसा परत आला होता. त्यांनी चोरी केली नव्हती. तरी भर दुष्काळात, ही नजरचूक असेल असे समजून, बापाने तो परत न्यावयास लावला. आपला दोष नाही एवढ्याने पैसा आपला होत नाही.

मात्र उद्या भाव पडला म्हणून अडत्या पैसे मागू लागला, तर ती चूक नव्हे. तो व्यापारातला तोटा आहे. आणि खरी चूक असली तरी त्याने मागावे, हिसकावू नये. नाहीतर अंगावर आलेला प्रत्येक सौदा "चूक" ठरेल आणि शब्दाला किंमत उरणार नाही. आपण ठरलेला भाव ठेवून वरचा पैसा आपणहून द्यावा. जक्कयाचाही हात कोणी धरला नव्हता.

संडेस्कूलच्या शिक्षकांनो, मुलांना याकोबाची गोष्ट सांगण्यापूर्वी आपल्या गोणीत कोणाचा पैसा पडून नाही ना, हे एकदा पाहू या.