अव्यक्ताचे उत्तरदायित्व

चेन्नईच्या गिंडी मैदानावरील घोड्यांच्या शर्यतींचा इतिहास अठराव्या शतकापर्यंत मागे जातो. या शर्यतींविषयीच्या डॉ. के. आर. लक्ष्मणन् विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निर्णय दिला, की घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ होय. घोड्याची अंगभूत क्षमता, त्याची तयारी आणि स्वाराचे कसब यांचे मूल्यमापन करता येते, हा त्यामागील विचार.

परंतु या मूल्यमापनाची पोच किती? विश्रांतीत मिनिटाला तीस-चाळीस ठोके देणारे घोड्याचे हृदय भरधाव धावताना दोनशेच्या पलीकडे जाते. अशा परिश्रमात एखादा धडधाकट दिसणारा घोडा अकस्मात कोसळतो. शवविच्छेदनात कधी फुफ्फुसांतील रक्तस्राव आढळतो, कधी फुटलेली महावाहिनी. क्वचित आतल्या आत वाढलेला, कोणाच्याही ध्यानी न आलेला कर्करोग. पुष्कळदा तर काहीच हाती लागत नाही. अमेरिकेतील केंटकी डर्बी आणि बेलमाँट या शर्यती १९८४ साली जिंकणारा 'स्वेल' बेलमाँटनंतर अवघ्या आठ दिवसांत कोसळून मेला. त्याच्या मृत्यूचे निश्चित कारण सापडले नाही.

जे कळणे शक्यच नव्हते त्याचा दोष कोणाला देता येत नाही, हे खरे. मात्र येथे एक विसंगती उरते. विजय कौशल्याचा मानायचा आणि मृत्यू तेवढा दैवाच्या खाती मांडायचा, हा हिशेब न्याय्य नव्हे. स्वार धोका जाणून खोगिरावर बसतो. घोड्याला ती निवड नसते. शिवाय हिंस्र पशूंचे भक्ष्य ठरणाऱ्या या प्राण्याच्या जातीने दुखणे लपवूनच जीव जगविला आहे. त्याचे मौन ही निरोगीपणाची ग्वाही नव्हे, संमती तर नव्हेच.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने पाळणाऱ्यावर प्राण्याच्या हितासाठी वाजवी उपाय योजण्याचे कर्तव्य सोपविले. त्यानुसार १९६२ साली स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाची धुरा याच नगरीतील रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी वाहिली. 'वाजवी' या शब्दाची कसोटी ज्ञान संपते तेथेच लागते. शंका येताच घोडा शर्यतीतून काढून घेणे, मेलेल्याची कसून तपासणी करणे आणि निष्कर्ष न दडविणे, एवढे तरी मनुष्याच्या हाती आहे. मेलेल्याला त्याचा उपयोग नाही. उद्या धावणाऱ्याला आहे. अज्ञान क्षम्य ठरते ते ते दूर करण्याचा यत्न चालू असेपर्यंतच.