गळके छप्पर कोणाचे?

मृग नक्षत्र जवळ आले की प्रत्येक गृहस्थास घर शाकारण्याची आठवण होते. परंतु कौले चाळली म्हणजे गळती थांबतेच असे नाही. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला. पुढे माग वाढले, तशा राहत्या घरांस लागून मागांच्या खोल्या उठल्या, आणि जुन्या पाख्यास नवे पाखे येऊन भिडले. अशी दोन पाखी जेथे उतरून मिळतात, त्या पन्हळीत दोहोंचे पाणी एकवटते. तेथे पाचोळा साचला अथवा पत्रा कुजला, तर पाणी तुंबून कडेच्या कौलांखाली शिरते.

गळती मोठी फसवी असते. पाणी शिरते एकीकडे, वाशाच्या पोटाने वाहत जाते आणि चार हातांवर भलत्याच्याच अंथरुणावर ठिबकते. समजा, घर दोन भावांत वाटलेले आहे. पन्हळ थोरल्याच्या बाजूस, ठिबक धाकट्याच्या खोलीत. थोरला म्हणतो, “माझ्याकडे तर कोरडे आहे.” धाकटा रागाने आतून डांबर फासतो. पाणी थांबत नाही, केवळ वाट बदलते. वासा आतल्या आत कुजतो, आणि मोडतो तेव्हा छप्पर दोघांचेही बसते.

तर मग दुरुस्तीचे ओझे कोणावर? ज्याचे अंथरूण भिजते त्याच्यावर, असे जग म्हणते. आम्ही म्हणतो, ज्याचा हात त्या पन्हळीपर्यंत पोहोचतो त्याच्यावर. पत्रा कुजला हा थोरल्याचा अपराध नसेल. पण कळल्यावरही स्वस्थ बसणे हा खचित अपराध होय. धाकट्यानेही केवळ बोल लावून मोकळे होऊ नये. त्याने शिडी धरावी व खर्चाचा वाटा उचलावा, कारण त्या पन्हळीत त्याच्याही पाख्याचे पाणी येते.

वाचकहो, गळतीचे मूळ शोधण्याची जुनी रीत पाहा. कोरड्या दिवशी एकाने छपरावर चढून, खालच्या कौलांपासून आरंभ करून, वरवर थोडे थोडे पाणी ओतीत जावे. दुसऱ्याने आत बसून पहिला थेंब दिसताच हाक द्यावी. एकट्याने हे काम साधत नाही. वरच्यास ठिबक दिसत नाही, आतल्यास छिद्र दिसत नाही. भांडणाऱ्या भावांस ती फट वर्षानुवर्षे सापडत नाही. एकमेकांस हाक देणाऱ्यांस ती एका सकाळीच सापडते. यंदाचा पाऊस येण्यापूर्वी आपणही शेजाऱ्यास विचारावे, “आमच्या बाजूचे पाणी तुमच्याकडे गळते काय?”