वसुलीचा वेदान्त

मराठी मध्यमवर्गीय माणसाला उद्या साक्षात मोक्ष देऊ केला, तरी तो आधी विचारील, "ह्यात जेवण धरून आहे का?" हा काही लोभ नव्हे. दाम मोजले की काम झाले पाहिजे, एवढीच त्याची श्रद्धा असते. ह्या श्रद्धेला आपल्या भाषेत 'पैसे वसूल' म्हणतात. नाटक वसूल, थाळी वसूल, सहल वसूल. पावसाळ्यात महाबळेश्वरला जाऊन धुक्यापलीकडे काही दिसले नाही, तरी परतताना तो म्हणतो, "हवा तरी वसूल झाली!" अमर्याद थाळी घेऊन बसलेल्या माणसाचा चेहरा तुम्ही कधी नीट पाहिला आहे का? पहिल्या चार पोळ्या तो भुकेसाठी खातो. पुढच्या दोन तत्त्वासाठी.

ही तत्त्वासाठी खाल्लेली पोळी हाच माझ्या आजच्या चिंतनाचा विषय आहे. फक्त ही पोळी युरोपातली आहे आणि तिला रेल्वेचा पास म्हणतात.

आपल्या एस.टी.च्या 'आवडेल तेथे प्रवास' योजनेचा ज्यांनी लाभ घेतला आहे, त्यांना ही कल्पना वेगळी समजावून सांगायला नको. चार किंवा सात दिवसांचे पैसे एकदा भरायचे आणि मग कंडक्टरकडे पाहून नुसते मान हलवायची. युरोपातल्या रेल्वे कंपन्यांनी हाच प्रकार १९५९ साली 'युरेल' नावाने सुरू केला. तेव्हा तो तेरा देशांत चालत असे आणि युरोपबाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी होता. खुद्द युरोपात राहणाऱ्यांसाठी १९७२ साली 'इंटररेल' निघाला, तोही आधी फक्त एकवीस वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी. आता दोन्हींना वयाची अट नाही आणि देश झाले आहेत तेहतीस. आपण इथून जाणाऱ्यांनी मागायचा तो युरेल. साठी उलटलेल्यांना त्यात दहा टक्के सूट मिळते. साठी उलटल्यापासून गुडघे सोडून दुसरे काही मिळाल्याची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच नोंद.

पासाच्या दोन जाती आहेत. एक सलग : पंधरा दिवस, बावीस दिवस, एक, दोन किंवा तीन महिने, रोज हिंडा नाहीतर झोपून राहा, घड्याळ चालूच. दुसरी तुटक : एका महिन्यात कुठलेही चार, पाच किंवा सात दिवस, नाहीतर दोन महिन्यांत कुठलेही दहा किंवा पंधरा. ज्या दिवशी गाडीत बसाल तो दिवस खर्ची पडला, बाकीचे तुमचे तुम्हाला.

एवढे सगळे मला माहीत असण्याचे कारण हिची ताई. ही गेली पन्नास वर्षे जर्मनीत, ऱ्हाइन नदीकाठच्या माइन्झ गावी राहते. दर दोन-तीन वर्षांनी ती इकडे येत असे. आता वय एकोणऐंशी. गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिचा लांबचा विमानप्रवास बंद केला. म्हणजे ह्यापुढे भेट व्हायची तर आम्हीच जायचे. आणि अशा भेटी पुन्हा पुन्हा होतील असे घरात कोणी म्हणत नाही. होणार नाहीत असेही कोणी म्हणत नाही.

आम्ही युरोपला निघालो ही बातमी सोसायटीत फुटली आणि वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ चौकटीच्या कागदांची वही घेऊन खाली आले. बँकेतून निवृत्त झालेले आहेत. युरोप दोनदा 'केलेला' आहे.

"पंधरा दिवसांचा तुटक पास घ्या," ते बसता बसता म्हणाले. "चार दिवसांच्या पासात दर दिवसाला जो भाव पडतो ना, तो पंधरा दिवसांच्या पासात जवळजवळ निम्म्यावर येतो. घाऊक आणि किरकोळ. सरळ हिशेब आहे. आम्ही पंधरा दिवसांत बारा देश केले!"

"काय काय पाहिलंत?" हिने भाबडेपणाने विचारले.

"रिझर्व्हेशनच्या खिडक्या," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. त्या मागोमाग आल्या होत्या.

त्यांचे म्हणणे अगदीच थट्टेवारी नेण्यासारखे नाही. पास म्हणजे प्रवासाचा हक्क; बसायच्या जागेचा नव्हे. हा भेद मुंबईच्या लोकलचा पास काढणाऱ्याला चटकन कळतो. फ्रान्सच्या वेगवान 'टी.जी.व्ही.' गाड्या, इटलीतल्या आणि स्पेनमधल्या जलद गाड्या ह्यांना पासावरही जागा राखावीच लागते आणि तिचे पैसे वेगळे पडतात. लंडनहून समुद्राखालून येणारी 'युरोस्टार' त्याहून जास्त मागते. शिवाय अशा काही गाड्यांत पासवाल्यांसाठी ठरावीकच जागा असतात. उलट जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया इथल्या बहुतेक दिवसाच्या गाड्यांत नुसते चढून बसायचे.

गृहस्थांच्या बारा देशांत लक्झेंबुर्ग होते. त्या देशाने २९ फेब्रुवारी २०२० पासून रेल्वे, बस, ट्राम सगळे दुसऱ्या वर्गाने फुकट करून टाकले आहे, तिथल्यांना आणि पाहुण्यांनाही. तिथे पासाचा एक दिवस खर्चून हिंडणे म्हणजे फुकटच्या वस्तूतून वसुली करणे. वेदान्तात ह्याला माया म्हणतात.

आता कोणी म्हणेल, पास तरी कशाला? बरोबर आहे. दोन-तीन महिने आधी काढलेले ठरावीक गाडीचे तिकीट पुष्कळदा पासाच्या एका दिवसापेक्षा स्वस्त पडते. पण ते त्याच गाडीला बांधलेले. ती चुकली, किंवा खिडकीतून एखादे गाव आवडले आणि उतरावेसे वाटले, की तिकीट आणि तुम्ही दोघेही निकालात. म्हणजे बांधून घेतले तर स्वस्त आणि मोकळे राहिले तर महाग. स्वातंत्र्याला किंमत मोजावी लागते हे आपण शाळेपासून ऐकत आलो, पण ती दोन रकान्यांत छापलेली मी प्रथमच पाहिली.

बरे, पैसे मोजूनही आपण मोकळे होतो का? पास सांगतो, जा कुठेही. व्हिसाचा अर्ज सांगतो, कुठे, कधी, कोणाकडे आणि किती रात्री ते आत्ताच लिहा. शेंगेनच्या व्हिसासाठी मुक्कामाचे पुरावे जोडावे लागतात. खिशात तेहतीस देशांचे स्वातंत्र्य आणि हातात कोणत्या रात्री कुठे झोपणार त्याचा तक्ता, असा भारतीय मुक्तात्मा विमानात चढतो.

तर गृहस्थांनी आमच्यासाठी तक्ता करून दिला. सुवाच्य अक्षर, लाल शाईने देश, निळ्या शाईने गाड्या. एकूण दिवस अठ्ठावीस. पैकी पंधरा प्रवासाचे, सहा 'स्थलदर्शन' आणि शेवटच्या रकान्यात, 'वाया' ह्या मथळ्याखाली, सात.

हिने चष्मा लावून तो रकाना वाचला. मग शांतपणे विचारले, "अहो, हे 'वाया'खाली ताईकडचे दिवस आहेत ना?"

गृहस्थ चांगले आहेत हो. त्यांच्या मनात काही नव्हते. पासाच्या हिशेबात ज्या दिवशी गाडी नाही तो दिवस वायाच. पण त्या एका शब्दापाशी आमचा युरोप दोन दिवस अडून राहिला.

वसुलीला नावे ठेवणे फार सोपे आहे, खिसा भरलेला असला की. आमची आई दंतमंजनाची नळी लाटण्याने लाटून तिच्यातून आणखी आठ दिवस काढत असे. तिला कंजूष म्हणायची माझी हिंमत नाही. पैसा म्हणजे कोणाच्या तरी आयुष्यातले तास. आमच्या पासाचे पैसे म्हणजे माझी खर्डेघाशी आणि हिने शाळेत फळ्यासमोर उभे राहून काढलेली वर्षे. ते उधळले तर ती वर्षे उधळली. म्हणून 'वसूल' ह्या शब्दात लोभापेक्षा कृतज्ञता जास्त आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

प्रश्न पुढे आहे. ते तास तर गेले. त्यांची भरपाई म्हणून आणखी तास ओतले, तर आधीचे परत येतात का?

१९८५ साली हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी ह्याच स्वभावावर एक निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या ओहायोत एका विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामभराची तिकिटे घ्यायला आलेल्या साठ जणांना त्यांनी गुपचूप तीन गटांत टाकले. काहींना पूर्ण पैसे पडले, काहींना थोडी सूट, काहींना बरीच. नाटके तीच, खुर्च्या त्याच. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेली मंडळी सूटवाल्यांपेक्षा जास्त नाटकांना हजर! नाटक जास्त आवडत होते म्हणून नव्हे. पैसे जास्त गेले होते म्हणून. उरलेल्या अर्ध्यात मात्र हा फरक मावळला. म्हणजे अमेरिकन माणूससुद्धा तत्त्वासाठी पोळी खातो. फक्त अर्ध्या हंगामानंतर त्याचे पोट भरते. आपल्याकडे घाट जास्त चिवट असावा.

मला वाटते, घोटाळा वसूल करण्यात नाही. कोण कोणाकडून वसूल करतो आहे, ह्यात आहे. पास घेईपर्यंत आपण सावकार असतो. घेतल्या क्षणापासून पास सावकार होतो आणि रोज सकाळी उशाशी येऊन उभा राहतो : "उठा, आज कुठे जाणार?" मग माणूस थकलेला असूनही उठतो, नको असलेल्या गावाला जातो आणि ज्या गावात आणखी एक दिवस राहावेसे वाटत होते ते सोडून येतो. जाणाऱ्या पैशाला वाचवायला तो राहिलेले दिवस देतो. आणि एकोणऐंशी वर्षांच्या बहिणीकडे जाणाऱ्या माणसाजवळ पैशापेक्षा काय कमी आहे, हे सांगायला चौकटीची वही लागत नाही.

तेव्हा हिशेब सोडला नाही. उलट बाजूने केला. आधी ताईकडचे दिवस मांडले, मग गाड्यांचे. तुटक पासाची खुबी अशी की न फिरलेल्या दिवसाला तो एक पैसा लावत नाही. पाच दिवसांचा पास पुरला. पहिला दिवस माइन्झहून बाझलमार्गे स्वित्झर्लंडमधले खूर आणि तिथून बर्निना रेल्वेने इटलीतले तिरानो. ही गाडी दातेरी रुळांच्या मदतीशिवाय २२५३ मीटर उंच चढते आणि पलीकडे चारशेच मीटरवर उतरते. २००८ साली 'युनेस्को'ने ह्या मार्गाला जागतिक वारशात घेतले. मोठ्या काचांच्या खास गाडीला जागा राखण्याचे वेगळे पैसे पडतात. त्याच रुळांवरून, त्याच डोंगरांतून जाणाऱ्या साध्या गाडीला ते नाहीत. हिमनद्यांना कोण कुठल्या गाडीत बसले आहे ते कळत नाही. दुसरा दिवस मिलानमार्गे व्हेनिस. तिसरा व्हिएन्ना. चौथा व्हिएन्नाहून रात्रीच्या गाडीने झुरिच. मध्यरात्रीआधी चढलात आणि नंतर गाडी बदलली नाही, तर ती सबंध रात्र एकाच दिवसात मोजतात; बर्थचे पैसे वेगळे, पण हॉटेलचे वाचतात. पाचवा दिवस परत माइन्झ. मधले मुक्काम धरून सगळे मिळून नऊ दिवस. उरलेले एकोणीस ताईकडे.

त्यातल्या एका दिवशी ताईला घेऊन नदीकाठच्या जुन्या लोहमार्गाने कोब्लेन्झपर्यंत जायचे ठरले आहे. कोलोनहून फ्रँकफुर्टला वेगवान गाड्या २००२ पासून नव्या मार्गाने डोंगर ओलांडून जातात. जुना मार्ग अजून नदीची वळणे घेत, किल्ले आणि द्राक्षमळे दाखवत चालला आहे. साधे तिकीट काढू. पासाचा त्याच्याशी संबंध नाही.

व्हिसाचा अर्ज भरताना एक गंमत झाली. अनेक देशांत जाणाऱ्याने अर्ज कोणाकडे करायचा? नियम असा, की मुक्कामाच्या मुदतीने किंवा हेतूने जे तुमचे मुख्य ठिकाण, त्या देशाकडे. सर्वांत महाग कुठले, सर्वांत प्रसिद्ध कुठले, ह्याची ते चौकशी करत नाहीत. जास्त रात्री कुठे आणि कशासाठी, एवढेच. मी लिहिले : जर्मनी, एकोणीस रात्री, बहिणीची भेट. सरकारी अर्जात इतके खरे उत्तर मी क्वचितच लिहिले असेल.

वरच्या गृहस्थांनी नवा तक्ता पाहिला आणि ते कळवळले. "अहो, पाचाच्या पासात दिवसाचा भाव किती चढतो, बघितलंत का?" मी म्हटले, बघितला. महाग आहे.

रात्री ताईचा फोन आला. "किती दिवस आहात नक्की?" तिने विचारले. हिने आकडा सांगितला. पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग ताई म्हणाली, "मग गोडा मसाला एक डबा पुरायचा नाही. दोन आण."