आधी तळ बघ

स्कॉटलंडच्या दक्षिणेला ट्वीड नावाची नदी वाहते. तिच्या खोऱ्यात एका जहागीरदाराची मोठी जहागीर होती. रान होतं, कुरणं होती, मेंढ्यांच्या टेकड्या होत्या आणि मधोमध एक जुनं तळं होतं. कधीकाळी तिथं पाणचक्की चालायची. चक्की गेली, तळं राहिलं.

रानाची आणि पाखरांची राखण करायला एक म्हातारा राखणदार होता. त्याच्या हाताखाली एक पोरगा काम शिकत होता. पोरगा मेंढपाळाचा, टेकडीवर वाढलेला. वारा त्याच्या ओळखीचा होता, बर्फ ओळखीचा होता. पाणी मात्र त्याला घोट्याएवढ्या ओढ्यापुरतंच माहीत होतं. तळ्याच्या काठानं जाताना तो नेहमी आतल्या बाजूनं चालायचा. हे राखणदारानं पाहिलं होतं, पण तो कधी काही बोलला नव्हता.

एका हिवाळ्याच्या शेवटी जहागीरदारानं लॅब्राडोर जातीचं एक काळं पिल्लू आणलं.

ही जात पाण्याचीच. तिचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांकडे असत. जाळ्याचा दोर तोंडात धरून आणायचा, सुटलेला मासा पकडायचा, ही त्यांची कामं. मासळीच्या गलबतांबरोबर ते कुत्रे ब्रिटनच्या बंदरांत आले. 1880 च्या दशकात माम्सबरीच्या अर्लनं त्यांतले काही बक्लूच्या ड्यूकला दिले. त्या ड्यूकच्या जहागिरी स्कॉटलंडच्या याच दक्षिण भागात होत्या. पुढे 1903 साली ब्रिटनच्या केनेल क्लबनं या जातीला मान्यता दिली. या कुत्र्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आत मऊ लोकर आणि वर राठ केस. बोटांच्या मध्ये कातडीचा पडदा असतो. शेपटी बुडाशी जाड, टोकाला निमुळती. त्याचं काम शिकारीमागे धावण्याचं नाही. बंदुकीनं पाडलेलं पाखरू शोधायचं आणि दात न लावता आणून हातात द्यायचं, हे त्याचं काम.

मार्च महिन्यात जहागीरदाराकडे एक पाहुणा आला. त्यानं पिल्लू पाहिलं आणि म्हणाला, “याला पोहायला काय शिकवायचं? हे याच्या रक्तातच आहे.”

त्यानं पिल्लू उचललं आणि उंच काठावरून तळ्यात टाकलं.

पिल्लू बुडालं. वर आलं. पुढच्या दोन्ही पायांनी पाणी बडवत, नाकातोंडात पाणी घेत ते कसंबसं काठाला लागलं.

“बघा,” पाहुणा म्हणाला, “पोहलं की नाही?”

राखणदारानं अंगातला कोट काढला, पिल्लू त्यात गुंडाळलं आणि घरी नेलं.

दुसऱ्या दिवसापासून पिल्लू तळ्याच्या वाटेला जाईना. ओढ्याशी आलं की बसायचं. बादलीतलं पाणी सांडलं तरी मागे सरायचं. दोन आठवडे वाट पाहून जहागीरदार म्हणाला, “हे आपल्या कामाचं नाही. आपली बदकं पाण्यात पडतात. कुणाला तरी देऊन टाका.”

“येत्या हिवाळ्यापर्यंत थांबा, मालक,” राखणदार म्हणाला.

जहागीरदार थांबायला तयार झाला. राखणदारानं पिल्लू पोराच्या स्वाधीन केलं.

एप्रिल गेला, तरी राखणदार तळ्याचं नाव काढेना. त्यानं पोराला सगळं कोरड्या जमिनीवर शिकवायला सांगितलं. शिट्टीचा एक लांब सूर वाजला की बसायचं. तुटक-तुटक वाजला की परत यायचं. बुचाचे तुकडे भरलेली कॅनव्हासची एक डमी होती. ती गवतात टाकली की सांगेपर्यंत हलायचं नाही, आणि सांगितलं की जाऊन आणायची. पिल्लू हे सगळं हौसेनं शिकलं.

पोराला घाई झाली. “पाण्याचं कधी?” त्यानं विचारलं.

“पाण्यात अजून हिवाळा आहे,” राखणदार म्हणाला.

मे महिना सरत आला. काटेरी हॉथॉर्नला पांढरी फुलं आली. एका दुपारी राखणदार पोराला तळ्याच्या पलीकडच्या बाजूला घेऊन गेला. तिथं गुरं पाणी प्यायला उतरायची. त्यामुळे काठ तुटलेला नव्हता, उतार सावकाश होता आणि पायाखाली घट्ट वाळूखडे होते.

“बूट काढ,” राखणदार म्हणाला.

“मी?”

“तूच. आत फांद्या आहेत, जुन्या कुंपणाची तार आहे, खुंट आहेत. त्यावर कुत्रा पडला तर त्याचं पोट फाटेल. सगळं काढायला हवं.”

पोरगा पाण्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “मला पोहता येत नाही.”

“तुला पोहायला कोण सांगतंय? काठी घे. आधी काठी टेकव, मग पाय टाक. पाय टेकेल तिथवर जा. टेकला नाही की मागे फीर.”

पोरगा घोट्याएवढ्या पाण्यात गेला. तिथून त्यानं दोन फांद्या ओढून काढल्या. पाय गार पडले, पण पाण्यात उभं राहून त्याला बोलता येत होतं. राखणदारानं तेवढंच पाहिलं. माणसाला जिथं उघड्या पायानं उभं राहवत नाही, तिथं पिल्लाला न्यायचं नाही, असा त्याचा नेम होता.

“आज पुरे,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पोरगा पोटरीएवढ्या पाण्यात गेला आणि गंजलेल्या तारेचं वेटोळं घेऊन आला. मग गुडघ्याएवढ्या. तिथं एक फुटकी बादली निघाली. मग मांडीएवढ्या. तिथला खुंट उपटायला त्याला आख्खी दुपार लागली. खुंट निघाला तेव्हा तो धपकन पाण्यात बसला, गळ्यापर्यंत भिजला आणि उठला. उठून पहिल्यांदा त्यानं खुंट वर धरून राखणदाराला दाखवला. भिजल्याचं त्याच्या ध्यानातही नव्हतं.

या सगळ्या दिवसांत पिल्लू काठावर बसलेलं असायचं. त्याला कुणी बोलावत नव्हतं, ओढत नव्हतं. पोरगा आत जायचा, ते बघायचं. पोरगा बाहेर यायचा, ते त्याचे ओले पाय हुंगायचं.

एके दिवशी पोरगा एक मोठी फांदी ओढत आणत होता. फांदीचं टोक काठाजवळ आलं. पिल्लू उठलं. पुढचे दोन पाय त्यानं पाण्यात टाकले, फांदीचं टोक तोंडात धरलं आणि ओढू लागलं.

पोरगा ओरडणारच होता. राखणदारानं बोट ओठांवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी राखणदारानं आपली म्हातारी कुत्री बरोबर आणली. तिच्या तोंडावरचे केस पांढरे झाले होते. ती सरळ पाण्यात शिरली, पोटापर्यंत गेली, थोडं पाणी प्याली आणि उभी राहिली. पिल्लू काठावर इकडून तिकडे धावलं. मग तेही शिरलं. पोटाला पाणी लागलं तसं दचकलं, पण कुत्री उभी होती आणि तिच्या पलीकडे पोरगा उभा होता. ते थांबलं.

“आता डमी टाक,” राखणदार म्हणाला. “लांब नाही. त्याचे पाय टेकतील तिथंच.”

त्यानं आधी पिल्लाच्या गळ्यातला पट्टा काढून घेतला. बुडालेल्या फांदीत पट्टा अडकला तर पोहणारा कुत्राही वर येत नाही. मग पोरानं डमी टाकली. पिल्लू उड्या मारत गेलं आणि घेऊन आलं. पुन्हा टाकली, पुन्हा आणली. पिल्लाचे डोळे चमकत होते. पोराचेही.

“आणखी एकदा!” पोरगा म्हणाला.

“नाही.”

“पण त्याला अजून हवंय.”

“म्हणूनच नाही,” राखणदार म्हणाला आणि घराकडे चालू लागला.

असं रोज चाललं. रोज दोनदा, फार तर तीनदा. डमी दर दिवशी हातभर पुढे पडायची. पोरगा कमरेएवढ्या पाण्यात उभा असायचा. आणि मग तो दिवस आला, जेव्हा डमीपर्यंत पोहोचण्याआधीच पिल्लाच्या पायाखालची जमीन संपली.

पिल्लाचं मागचं अंग खाली गेलं. पुढचे पाय पाण्याबाहेर येऊन फटफट आपटू लागले. मार्चमध्ये घडलं होतं तसंच. पण या वेळी पोरगा शेजारी होता. त्यानं पिल्लाच्या पोटाखाली तळहात घातला आणि मागचं अंग वर उचललं. पाठ सपाट झाली. आपटणारे पाय पाण्याखाली गेले आणि पाणी मागे ढकलू लागले. शेपटी मागे पसरली आणि दिशा धरू लागली. पोरानं हात हळूच काढून घेतला. पिल्लाला ते कळलंही नाही. ते डमीपाशी गेलं, डमी घेतली आणि वळलं.

काठाला लागल्याबरोबर पिल्लानं डमी खाली टाकली आणि अंग झाडलं. पोरगा रागावला. राखणदार म्हणाला, “त्याला बोलू नकोस. ओलं झाल्यावर कुत्रा अंग झाडणारच. पण उद्या डमीच्या जागी जखमी बदक असेल. ते काठावर टाकलं तर पुन्हा पाण्यात बुडी मारेल आणि मग कुणाला सापडायचं नाही. तू पाण्याच्या कडेला जा. त्यानं अंग झाडण्याआधीच डमी हातात घे. मग रोज एक पाऊल मागे उभा राहा.”

पोरानं तसंच केलं. दिवस मोठे होते, काम बरंच होतं. उन्हाळा सरला तेव्हा कुत्रा पाण्यातून बाहेर येऊन, निथळत, दहा पावलं चालत यायचा आणि डमी पोराच्या हातात ठेवून मग अंग झाडायचा. आणि पोरगा? तो एका संध्याकाळी कुत्र्याबरोबर तळं ओलांडून पलीकडे गेला. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पाय टेकेनासे झाले तेव्हा तो पुढे जात राहिला, एवढंच.

हिवाळा आला. डिसेंबरात जहागीरदारानं बदकांच्या शिकारीला मंडळी बोलावली. तो पाहुणाही आला आणि येताना स्वतःचा कुत्रा घेऊन आला. संध्याकाळी बदकं तळ्यावर उतरू लागली. बंदुका वाजल्या. एक नर बदक पलीकडच्या लव्हाळ्यापाशी पाण्यात पडलं. पंख मोडला होता, जीव होता.

पाहुण्यानं आपल्या कुत्र्याला सोडलं. कुत्रा पाण्यापाशी गेला, थबकला आणि काठाकाठानं धावत सुटला. पुढे दलदल होती. तो परत आला.

जहागीरदारानं राखणदाराकडे पाहिलं. राखणदारानं पोराकडे पाहिलं. पोरानं काळ्या कुत्र्याला हातानं दिशा दाखवली आणि सोडलं.

कुत्रा पळत गेला नाही. त्यानं उडीही मारली नाही. चालत पाण्यात शिरला, पाय सुटले तिथं पोहू लागला आणि सरळ रेषेत लव्हाळ्याकडे गेला. बदकानं बुडी मारली. कुत्रा त्याच जागी गोल फिरला. बदक वर आलं, आणि या वेळी कुत्र्यानं ते अलगद धरलं. परत येऊन त्यानं ते पोराच्या हातात दिलं. पोरानं लगेच बदकाला मारून त्याचे हाल संपवले. मग जहागीरदारानं पिसं चाचपून पाहिली. एकही दात लागला नव्हता.

“हा तोच का?” पाहुण्यानं विचारलं.

“तोच,” राखणदार म्हणाला.

“मग याची भीती कशी घालवली?”

“मी घालवली नाही. याला विचारा,” असं म्हणून राखणदारानं पोराकडे बोट केलं.

पोरगा गोंधळला. “मी काहीच केलं नाही,” तो म्हणाला. “तळ्यातली घाण काढायला मी आत जात होतो. हा माझ्यामागून आला.”

“पण तुला तर पाण्याची भीती होती,” जहागीरदार म्हणाला. “तू कसा गेलास?”

पोरगा बोलायला लागला आणि मध्येच थांबला. त्याला घोट्याएवढं पाणी आठवलं, मग पोटरीएवढं, मग गुडघ्याएवढं. ‘आज पुरे’ आठवलं. तो राखणदाराकडे वळला.

“ती तार, ते खुंट,” तो म्हणाला, “तुम्ही एका दिवसात बैल लावून काढू शकला असता.”

“अर्ध्या दिवसात,” राखणदार म्हणाला.

मग त्यानं पाहुण्याकडे पाहिलं. “ढकललेल्याला पाण्याची भीती कळते, पाणी कळत नाही,” तो म्हणाला. “ज्याला पाठवायचं, त्याच्या आधी आपण तळ बघून यावा.”

त्यानंतर त्या जहागिरीवर एक रीत पडली. दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीला तळं साफ होऊ लागलं. कामाला गडी होते, बैल होते, पण त्या वर्षीचं पिल्लू ज्याच्याकडे असेल त्यानंच बूट काढून आत उतरायचं. पुढे हे काम पोरगाच वाटून देऊ लागला, कारण पुढे राखणदार तोच झाला.

तुमच्या घरी असं पिल्लू असेल, तर त्याला विहिरीच्या कठड्यावरून किंवा तलावाच्या पायऱ्यांवरून लोटू नका. उताराचा काठ शोधा. पाण्यावर हिरवा तवंग दिसला तर तिथून परत फिरा, त्या शेवाळात विष असू शकतं आणि त्यानं कुत्री मरतात. गळ्यातला पट्टा काढा. आणि पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः आत जाऊन उभे राहा.