दिवा कोणी लावला?

२०२२ साली आलेल्या ‘मॅटर’ या मानकामुळे निरनिराळ्या कंपन्यांचे स्विच आणि दिवे एकाच यंत्रणेत गुंफता येतात. सांज होताच ओसरी आपोआप उजळते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेला नुसत्या हाकेसरशी प्रकाश मिळतो. ही सोय नाकारणे निष्ठुरपणाचे ठरेल. परंतु रात्री उशिरा परतणाऱ्या लेकासाठी आई दिवा तेवत ठेवते, तेव्हा त्याला उजेडाबरोबर तिचे जागरणही लाभते. यंत्र उजेड देते. वाट पाहत नाही.

पवित्र साक्रामेंतासमोर दिवा अखंड तेवावा, असे चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेचे ९४० वे कलम सांगते. तो प्रभूच्या सान्निध्याची खूण आहे आणि खूण ओळखायला जागे मन लागते. म्हणून श्रम यंत्रावर खुशाल सोपवावेत. जागरण मात्र सोपवू नये.